मूठभर धान्याचे ऋण

(वार्षिक संमेलनातील भाषण)



करवीरनगरी ही विद्यार्थी-वसतिगृहांची जननी होय. १९०१ सालापासून राजर्षी शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस येथे उदार साहाय्य केले. त्यांपैकी जैन वसतिगृहात राहून शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील मात्र स्वसमाजापाशी थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. घरोघरचे मूठ मूठ धान्य त्या कार्यास लागले. आणि कोठी रिती झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले.

हे आज स्मरण्यास कारण आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत आपल्या जिल्ह्यातील शाळांनी पूरग्रस्तांना आसरा दिला; कित्येक शाळांत तर पाणीच शिरले. शिक्षकांचे वेतन शासन देते. परंतु भिजलेली पुस्तके व कुजलेली बाके मदतीची वाट पाहत राहतात.

आपला शिक्षणनिधी आजवर स्वज्ञातीच्या गुणवंतांना पारितोषिके देण्यापुरताच राहिला. ते योग्यच, पण पुरेसे नव्हे. ज्या सार्वजनिक शाळेत आपण मुळाक्षरे गिरवली, तिच्या बाकावर आज कोणाचे मूल बसते, हे आपण विचारू नये.

आमची विनंती इतकीच: प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ति, पण दरमहा, काही रक्कम त्या शाळेसाठी निराळी काढावी. पूर वर्दी देऊन येत नाही. मूठ कोठीत आधीच पडलेली असावी.