कुर्डीच्या माई
(महाजन मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या प्रत्येक घराण्यात एखादी आजी अशी होऊन गेलेली असते की, तिच्या पश्चातही घरातले तंटे तिच्या शब्दाच्या आधारे मिटविले जातात. वंशावळीत तिचे नाव नसते, कारण वंशावळ पुरुषांची. देवस्थानच्या दप्तरात तर तिला जागाच नाही. आजचा विषय अशाच एका आजीचा आहे. मात्र ती एका घराण्याची नव्हे, अवघ्या गोमंतकाची. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, शिष्यपरिवारातल्या ‘माई’.

सांगे महालातील कुर्डी गावी १५ जुलै १९०४ रोजी त्यांचा जन्म झाला. देवळातील गायनसेवा ज्या समाजातील स्त्रियांकडे परंपरेने चालत आली, त्या समाजातला हा जन्म. येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. उत्सवात सभामंडप ज्यांच्या सुरांनी भरून जाई, त्यांना त्या सभामंडपात सेवा होती, मान नव्हता. पालखीपुढे गाणारीचे नाव विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. महाजनांच्या सभेत हे उच्चारताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माईंच्या स्वभावातील करारीपणा कोठून आला, हे त्यावाचून उमगणार नाही.

आई जयश्रीबाई यांनी लेकीला गाणे यावे म्हणून जांबावलीच्या देवळात एका फिरत्या हरिदासाकडून तिला धडे देवविले. पुढे चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत मुलगी दाखल झाली. आई लौकरच निवर्तली. पोरक्या मोगूने सातारकर स्त्री संगीत मंडळीतही भूमिका केल्या आणि प्रकृती बिघडल्याने सांगलीस मुक्काम केला. तेथे औषधोपचारासाठी आलेले एक वृद्ध गायक रस्त्याने जाताना तिचा रियाज ऐकत. ते एके दिवशी आत आले आणि शिकवू लागले. आपल्याला शिकविणारे हे गृहस्थ म्हणजे जयपूर गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँ होत, हे तिला बऱ्याच दिवसांनी कळले, असे सांगतात.

खाँसाहेब मुंबईस गेले; त्यांच्या मागोमाग माईही गेल्या. पण मुंबईत विद्या सहज मिळाली नाही. मधली कित्येक वर्षे आग्रा घराण्यातील उस्तादांकडे, नंतर खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिक्षण घ्यावे लागले. १९३४ च्या सुमारास अखेर अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला आणि १९४६ साली ते पैगंबरवासी होईपर्यंत ती तालीम चालली. दरम्यान १९३९ साली पतीचे निधन झाले. वय पस्तीस, पदरी तीन लहान मुले. ज्या वयात आपल्याकडील विधवेस माजघराच्या अंधारात बसविले जाई, त्या वयात ही बाई तंबोरे घेऊन गावोगावच्या मैफलींना निघाली.

त्या प्रवासात थोरली कन्या किशोरी आईच्या मागे तंबोऱ्यावर बसे. प्रवास तिसऱ्या वर्गाचा आणि उतरण्याची सोय यजमानाच्या मर्जीची. आईला मिळालेली ती वागणूक लेकीने पाहून ठेवली होती. पुढे किशोरीताईंनी मैफलीच्या अटींबाबत जो कठोरपणा दाखविला आणि ज्याबद्दल त्यांना लोकांनी फटकळ, गर्विष्ठ ठरविले, त्याचे मूळ येथे आहे. लोकांनी लेकीचा राग तेवढा पाहिला. आईचा अपमान मात्र कोणाच्या स्मरणात राहिला नाही.

माईंचे शिकविणे लाडाचे नव्हते. त्या अस्ताई-अंतरा दोनदा गाऊन दाखवीत, तिसऱ्यांदा नाही. शिकणाऱ्याने तेवढ्यात प्रत्येक वळण टिपावे. आपली मुलगी असो वा परकी, नियम एकच. किशोरीताईंनी १९६४ च्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी गायन केले, तेव्हा माईंनी सांगितले की, चित्रपटाकडे जायचे असेल तर माझ्या दोन तंबोऱ्यांना पुन्हा हात लावायचा नाही. आजीच्या घरात देवघराला जी शिस्त असते, तीच येथे तंबोऱ्यांना होती. या सोवळेपणात थोडा अतिरेक होता असे कोणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पण ज्या विद्येपायी एवढी वणवण झाली, तिच्याबाबत सैलपणा कसा चालावा?

त्यांच्या लयकारीचा आणि अनवट रागांवरील प्रभुत्वाचा विचार जाणकारांनी पुष्कळ केला आहे. त्याचा विस्तार येथे नको. किशोरीताईंखेरीज कमल तांबे, पद्मा तळवलकर यांच्यासारख्या शिष्यांनी ती विद्या पुढे नेली. शिष्यांचे शिष्य तयार झाले, नातवंडांमागोमाग पतवंडे आली आणि त्यांतली एक मुलगीही त्याच गायकीत गाऊ लागली. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७४ साली पद्मभूषण. एकेकाळी देवळात जिचे नाव विचारले गेले नव्हते, ते नाव दिल्ली दरबारी पुकारले गेले. १० फेब्रुवारी २००१ रोजी माई गेल्या. वयाची शहाण्णव वर्षे पूर्ण झाली होती.

त्यांच्या हयातीतच कुर्डी गाव पाण्याखाली गेले. साळावलीच्या धरणासाठी ग्रामस्थांना उठवून वाडे व वालकिणी येथे वसविण्यात आले. गावचे प्राचीन महादेवाचे देऊळ तेवढे दगडान् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. देवाला नवी जागा मिळाली. घरे मात्र तळाशी राहिली. माईंचे आडनाव ज्या गावावरून आले, ते गाव वर्षातले अकरा महिने डोळ्यांना दिसेनासे झाले आणि ते नाव मैफलींच्या पत्रिकांतून व ध्वनिमुद्रिकांतून तेवढे उरले.

दर उन्हाळ्यात पाणी ओसरते. वैशाखाच्या उन्हात चिखल वाळून भेगाळतो, घरांची जोती, विहिरींचे काठ आणि माडांचे बुंधे वर येतात. विखुरलेले कुर्डीकर लेकरांबाळांसह जमतात, सोमेश्वरापाशी उत्सव करतात. म्हातारी माणसे नातवंडांना हाताने धरून आपापल्या घराची जागा दाखवितात, आणि माईंचे घर कोठे होते तेही सांगतात. मग मृगाच्या सरी येतात आणि पाणी पुन्हा चढू लागते.