आरमारातले फादर



लढाऊ जहाजावर पाद्रीही असतो. तो शस्त्र धरीत नाही. खलाशांची प्रार्थना घेतो, मरणाऱ्याजवळ बसतो. अमेरिकेचे फादर जोसेफ ओ'कॅलहन मूळचे कॉलेजात गणित शिकवणारे. १९४० साली ते आरमारात गेले, पुढे कमांडरच्या हुद्द्याला चढले. त्यांची धाकटी बहीण ख्रिस्ती संन्यासिनी. फिलिपाइन्समध्ये जपान्यांनी तिला कैदेत टाकले. ती जिवंत आहे की नाही, हेही घरी कळेना. त्या आईच्या जिवाचे काय होत असेल, ते आपणच जाणतो!

१९ मार्च १९४५ रोजी जपानजवळ 'फ्रँकलिन' या विमानवाहू जहाजावर दोन बॉम्ब पडले. जहाज पेटले, आठशेंच्या आसपास माणसे गेली. फादर स्वतः जखमी. तरी धुरातून फिरत मरणाऱ्यांचे शेवटचे विधी त्यांनी केले. मग पोरांना हाताशी घेऊन तापलेल्या बॉम्बगोळ्यांवर पाणी मारले, ते समुद्रात ढकलायला लावले. कोणी म्हणेल, हे का पाद्र्याचे काम? मला विचाराल तर होय.

१९४६ साली त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले; आरमारी पाद्र्यांत ते पहिलेच. पुन्हा शिकवू लागले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. १९६४ साली ते वारले.

बहीण १९४५ सालीच सुटली होती. १९६५ साली भावाच्या नावाचे जहाज पाण्यात सोडले, तेव्हा नामकरणाचा मान तिला मिळाला.