नमाजाच्या ॲपला तुमची गल्ली कशाला हवी?

मित्रांनो, नवं ॲप हाती आलं की मी आधी त्याच्या परवानग्या बघतो, रंगरूप नंतर. आज नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ॲपबद्दलच बोलतो.

वेळा काढायला त्याला काय लागतं? तारीख आणि गावाचे अक्षांश-रेखांश. मुंबईच्या पट्ट्यात पूर्वेला किंवा पश्चिमेला २५ किलोमीटर सरकलात, तर फरक साधारण एका मिनिटाचा. मग तुमची गल्ली, तीही चोवीस तास, त्याला कशाला हवी?

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली. ‘मुस्लिम प्रो’ वापरणाऱ्यांचं लोकेशन एक्स-मोड या कंपनीकडे जात होतं आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. ॲपवाल्यांनी लष्कराला माहिती विकल्याचा इन्कार केला, पण एक्स-मोडशी संबंध तोडले.

अँड्रॉइड १२ पासून फक्त अंदाजे लोकेशन देता येतं. तेवढंच द्या. त्याहून बरं म्हणजे शहराचं नाव हाताने टाका.

आणि असरचं सेटिंग बघा. दुपारची मूळ सावली सोडून, शाफईंत सावली वस्तूएवढी झाली की असर, हनफींत दुप्पट झाली की. कोकणातल्या शाफई घरात ॲप हनफीवर राहिलं, तर मशिदीत अजान होऊन जाते आणि फोन गप्प. अब्बा म्हणणार, मोबाईल बिघडला!

फोन काढा, परवानग्या उघडा. मी थांबतो.