चौथी पाटी



अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात टॅलाहॅची नावाची नदी आहे. तिच्या काठावर, ग्रॅबॉल लँडिंग नावाच्या जागी, एक पाटी उभी आहे. रस्त्याकडेला इतिहासाची माहिती देणाऱ्या पाट्या असतात, तशीच ही. फक्त हिचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास आहे, आणि बंदुकीची गोळी लागली तरी आरपार जाऊ नये अशा पोलादाची ती मुद्दाम बनवून घेतलेली आहे. त्या जागेवरची ही चौथी पाटी. आधीच्या तीन पाट्यांचं काय झालं आणि लोकांनी चौथी लावायचा हट्ट का धरला, एवढंच आज मला सांगायचं आहे.

आधी मूळ घटना. १९५५ सालचा ऑगस्ट महिना. एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा काळा मुलगा शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे सुट्टीला आला होता. आजूबाजूला सगळा कापसाचा सपाट मुलूख. मनी नावाच्या खेड्यात ब्रायंट यांचं किराणा दुकान होतं. तिथे तो काही घ्यायला गेला आणि दुकान सांभाळणाऱ्या गोऱ्या बाईशी आगाऊपणे वागला, असा आरोप त्याच्यावर झाला. २८ ऑगस्टच्या पहाटे त्या बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम, दोघे एमेटच्या आजोबांच्या नात्यातल्या मोझेस राइट यांच्या घरी आले आणि झोपलेल्या मुलाला उठवून घेऊन गेले. तीन दिवसांनी मृतदेह नदीत सापडला. गळ्याला कापसाच्या जिनिंगमधला लोखंडी पंखा काटेरी तारेने बांधलेला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली.

त्याला मिसिसिपीतच घाईघाईने पुरायची तयारी सुरू झाली होती. आईने, मेमी टिल यांनी, ती थांबवली. देह शिकागोला आणवला आणि शवपेटी उघडी ठेवायला सांगितली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसू दे, हा त्यांचा आग्रह होता. हजारो लोकांनी ते पाहिलं. 'जेट' या नियतकालिकात फोटो छापून आले आणि देशभरातल्या काळ्या घरांत पोहोचले.

खटला सप्टेंबरमध्ये टॅलाहॅची काउंटीत, समनर या छोट्या गावातल्या कोर्टात चालला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, पण बहुतेकदा बराच लहान. तिथे तेव्हा जवळपास दोन तृतीयांश लोक काळे होते. मतदार यादीत त्यांच्यापैकी एकही नव्हता. ज्युरी मतदारांतूनच निवडायची, आणि बायकांना तर मिसिसिपीत ज्युरीवर बसायलाच बंदी. त्यामुळे बाराच्या बारा पंच गोरे पुरुष. त्यांच्यासमोर मोझेस राइट साक्षीला उभे राहिले आणि भर कोर्टात हात लांब करून त्यांनी आरोपी दाखवला. काळ्या माणसाने गोऱ्यावर असं बोट रोखणं म्हणजे त्या काळी जिवाशी खेळ होता. पंचांनी तासाभराहून थोडा अधिक वेळ घेतला आणि दोघांना निर्दोष सोडलं.

चार महिन्यांनी, जानेवारी १९५६ मध्ये, त्या दोघांनी 'लुक' मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापू दिली. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यानंतर त्या भागात जवळपास पन्नास वर्षं शांतता होती. समनरच्या कोर्टाच्या आवारात यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांचं स्मारक होतं. एमेटच्या नावाचं काही नव्हतं. गोऱ्यांना विषय नको होता. काळ्या घरांत पोरांना तो दबक्या आवाजात, जपून वागा म्हणून सांगितला जायचा.

शांतता मोडली ती स्थानिक राजकारणातून. जेरोम लिटल हे काउंटीच्या मंडळाचे पहिले काळे अध्यक्ष. त्यांनी २००६ च्या सुमारास गोऱ्या आणि काळ्या नागरिकांना एकत्र घेऊन एमेट टिल स्मृती आयोग उभा केला. २ ऑक्टोबर २००७ रोजी समनरच्या त्याच कोर्टासमोर, टिल कुटुंबातली माणसं समोर असताना, एक ठराव जाहीर वाचला गेला. या खटल्यात न्यायाची भयंकर पायमल्ली झाली आणि न्याय मिळवण्यात आम्ही कमी पडलो, अशी खेदाची कबुली त्यात होती. मेमी टिल हे ऐकायला नव्हत्या. त्या जानेवारी २००३ मध्ये गेल्या.

मग आयोगाने काउंटीत ठिकठिकाणी पाट्या लावल्या. नदीकाठची पहिली पाटी २००८ ची. मृतदेह नेमका कुठे सापडला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ती जागा ही असावी असं मानलं जातं. ती पाटी लवकरच चोरीला गेली. पुन्हा मिळाली नाही.

दुसरी लावली. तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एकदा नाही, वर्षानुवर्षं. शेवटी २०१६ मध्ये तिचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. नंतर मोजली तेव्हा भोकं भरली ३१७.

तिसरी जून २०१८ मध्ये लागली. पस्तीस दिवसांत तिलाही गोळ्या लागल्या. पुढच्या वर्षी विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांचा एक फोटो बाहेर आला. भोकं पडलेल्या त्या पाटीशेजारी बंदुका घेऊन, हसत उभे. आजोबांच्या पिढीचा राग म्हणून सोडून देता येईल असा तो फोटो नव्हता. ती विशीतली मुलं होती.

चौथी, पोलादी, ऑक्टोबर २०१९ मध्ये उभी राहिली. टिल यांचे नातेवाईक त्या वेळी तिथे होते.

आता तुम्ही म्हणाल, आडबाजूच्या नदीकाठी, जिथे फारसं कोणी जातही नाही, तिथे एवढा खटाटोप कशाला? मजकूर पुस्तकात आहे, इंटरनेटवर आहे.

माझं उत्तर असं आहे. पुस्तक कोणीतरी एक माणूस लिहितो. रस्त्यावरची पाटी गाव लावतं. काउंटीच्या अधिकृत पाटीवर जे लिहिलेलं असतं ते त्या गावाने सगळ्यांसमोर मान्य केलेलं असतं. १९५५ मध्ये याच गावाने शपथेवर उलटं सांगितलं होतं. म्हणून ही पाटी गोळी झाडणाऱ्याला झोंबते. माहितीचा त्याला त्रास नाही. आपल्या गावाने कबूल केलं, याचा त्रास आहे. आणि प्रत्येक वेळी नवी पाटी लावताना गाव तीच कबुली पुन्हा देतं. पहिली पाटी लावणं एक समारंभ होता. चौथी लावणं हा निर्णय होता.

गोळ्या लागलेल्या पाटीचं करायचं काय, हाही प्रश्न होताच. एक मत असं की भोकं तशीच राहू द्या, तीही इतिहासच आहेत. दुसरं असं की नातेवाईक त्या जागी येतात, त्यांनी दर वेळी ती भोकं का बघायची? शेवटी दोन्ही झालं. नदीकाठी नवी, धडधाकट पाटी उभी राहिली. आणि ३१७ भोकांची पाटी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात मांडली गेली. खुनाची आणि त्या खुनाच्या आठवणीवर झालेल्या हल्ल्याची साक्ष एकाच पत्र्यावर.

पण पाट्यांचं फार कौतुक करण्याआधी दुसरी बाजूही बघू. पाटी जिथे आहे तिथे आपण थांबतो. जिथे नाही तिथून पुढे निघून जातो. खटल्यात विली रीड नावाच्या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाने साक्ष दिली होती. शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत, मायलमच्या भावाच्या ताब्यातल्या शेतावर, एका कोठारातून त्याने मारहाणीचे आणि ओरडण्याचे आवाज ऐकले होते. 'लुक'मधल्या कबुलीत मात्र ते कोठार नाही. कोठाराचं नाव घेतलं असतं तर आणखी माणसं अडकली असती, आणि त्यांना सुटकेचं संरक्षण नव्हतं. मासिकातली गोष्ट लोकांना पाठ झाली, आणि कोठार कित्येक दशकं बिनपाटीचं, कोणाच्या तरी खाजगी जागेतलं कोठार म्हणून राहिलं.

मनी गावात वेगळाच प्रकार. तिथलं ते किराणा दुकान वेली चढून ढासळत गेलं. शेजारच्या जुन्या पेट्रोल पंपाची मात्र डागडुजी झाली, तीही नागरी हक्क चळवळीच्या स्थळांसाठी असलेल्या सरकारी अनुदानातून. एमेटच्या घटनेशी पंपाचा संबंध एवढाच की तो शेजारी होता. दुकानासमोर २०११ मध्ये एक फलक लागला, आणि २०१७ मध्ये कोणीतरी त्यावरचा मजकूर खरवडून काढला.

जुलै २०२३ मध्ये समनरचं कोर्ट, ग्रॅबॉल लँडिंग आणि शिकागोतलं अंत्यसंस्काराचं चर्च मिळून एमेट आणि त्याच्या आईच्या नावाने राष्ट्रीय स्मारक घोषित झालं. आता तिथे केंद्र सरकारचं पाठबळ आहे. पण हे पाठबळ येईपर्यंतची पंधरा वर्षं एका गरीब काउंटीतल्या मूठभर माणसांनी, एकमेकांशी वाद घालत, पाट्या लावत काढली, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी सगळ्यांनी पाहिलेली आहे. ही वास्तू संरक्षित आहे, नासधूस केलीत तर शिक्षा होईल, असं ती सांगते. इथे काय घडलं, कोणावर घडलं, हे बहुतेकदा सांगत नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला, आपल्या गावात काही ना काही घडलेलं असतं, आणि ते सगळ्यांना माहीत असूनही त्याची पाटी नसते.

म्हणून एक छोटी सवय सुचवतो. कुठलीही ऐतिहासिक पाटी दिसली की दोन वर्षं शोधा. घटनेचं वर्ष आणि पाटी लावल्याचं वर्ष. पाटी कोणी लावली तेही बघा. ग्रॅबॉल लँडिंगला हे अंतर १९५५ ते २००८, म्हणजे त्रेपन्न वर्षांचं आहे. त्या त्रेपन्न वर्षांत कोण गप्प होतं, कोणाला गप्प बसवलं होतं, आणि शेवटी तोंड कोणी उघडलं, हे विचारलंत की पाटीवर न लिहिलेला इतिहास कळायला लागतो.