चित्राखाली नाव कोणाचे?



तुमच्या घरातील मुलगा वा मुलगी रंग-कुंचला घेऊन तासन् तास बसत असेल, एखाद्या प्रदर्शनात तिच्या चित्राला जागाही मिळाली असेल, आणि तरीही ‘याने पोट कसे भरणार?’ हा प्रश्न तुम्हांला छळीत असेल, तर माझे आजचे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात ते लेणे दान देणाऱ्या वराहदेवाचे नाव आहे. हा वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचे नाव आहे. परंतु ज्यांनी तेथील भिंतींवर करुणेने भरलेले बोधिसत्त्व रंगविले, त्यांची नावे आपणांपर्यंत आली नाहीत. दात्याचे नाव राहिले, हाताचे राहिले नाही. आपल्या वाडवडिलांच्या श्रमांचीही हीच कथा नव्हे काय?

आता काळ पालटला आहे. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधावा लागलेला अस्पृश्य चित्रांत उभा केला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे छायाचित्रांतून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या मधुबनी शैलीत देवदेवतांच्या कथा रंगविण्याचा प्रघात, त्याच शैलीत बिहारच्या मालविका राज यांनी भगवान बुद्ध व बाबासाहेब रंगविले. या तिघांनीही आपला विषय उसना आणला नाही.

तरुण चित्रकारांनो, मान्यता मिळू लागली की दोन मोह समोर येतात. एक, आपली वस्ती व आपला इतिहास लपविण्याचा. दुसरा, गिऱ्हाइकाला आवडते म्हणून तेच ते दुःख पुन्हा पुन्हा रंगवून विकण्याचा. दोन्हींत कुंचला तुमचा आणि हुकूम दुसऱ्याचा! तुमच्या आईचे हसूदेखील तुमचाच विषय आहे, हे विसरू नका.

आणि हक्क जाणून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, स्वतःच्या मनाने काढलेले चित्र विकले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. तो देण्यास लेखी करार लागतो. मोबदला घेऊन कोणाच्या मागणीवरून काढलेल्या चित्राचा नियम निराळा आहे. म्हणून करार वाचल्यावाचून सही करू नका. मात्र सर्व हक्क दिल्यावरही ‘या चित्राचा कर्ता मी आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कायद्याने तुमच्याकडेच ठेवला आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराला जे लाभले नाही, ते तुम्हांला लाभले आहे. प्रत्येक चित्रावर नाव व साल घाला, त्याची नोंद वहीत ठेवा, आणि चित्र दुसऱ्याच्या हाती देताना पावती घ्या.

मातापित्यांनो, मुलाने चरितार्थासाठी नोकरी धरली तरी त्याचा कुंचला सुटू देऊ नका. घरात उजेडाची एक जागा त्याला द्या. प्रदर्शनाला सहकुटुंब जा. तेथे आपले कोणी नाही असे त्याला वाटता कामा नये. विहार बांधताना त्याच्या भिंतीवरील चित्र आपल्याच चित्रकाराकडून काढून घ्या, त्याला योग्य दाम द्या, आणि दात्यांच्या नावांच्या पाटीवर त्याचेही नाव कोरा.

जय भीम!