दांत मागें गेले, ओठांचें काय?

वेड्यावांकड्या दांतांना तार लावणें हें आतां मुलांपुरतें राहिलेलें नाहीं. तिशी-चाळिशींतले स्त्रीपुरुषही त्यासाठीं दंतवैद्याकडे जातात. दांत किती सरकतील, हें ते विचारतात. चेहरा किती बदलेल, हें विचारावयाचें मात्र राहून जातें.

ओठांना आधार दांतांचाच असतो. पुढें आलेले दांत मागें नेण्यासाठीं पुष्कळदां सुळ्यांमागच्या चार उपदाढा काढून जागा करितात. दांत मागें सरकले, कीं ओठही मागें येतात. पण तितकेच नव्हे. खालचा ओठ दांतांच्या बराच मागोमाग जातो. वरचा थोडा आळशी! त्यांतून तो जाड असला, तर आणखीच कमी हलतो.

अमेरिकेचे डॉ. एडवर्ड अँगल (मृत्यु १९३०) दांत काढण्याच्या विरुद्ध होते. सर्व दांत जागेवर बसले, कीं चेहरा आपोआप सुरेख होतो, असें त्यांचें मत. पुढें १९४० च्या सुमारास त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनीं उपदाढा काढूनच चेहरे सुधारून दाखविले. पण तो वाद मुख्यतः वाढत्या मुलांविषयीं होता. प्रौढाच्या चेहऱ्यांत वाढ फारशी उरलेली नसते. वयाबरोबर ओठ मात्र पातळ व चपटे होत जातात. ज्याचे ओठ सहज मिटतच नाहींत, त्याला दांत मागें गेल्यानें मोठाच आराम वाटतो. परंतु ज्याचे ओठ मुळांतच पातळ, त्याचें तोंड बसल्यासारखें दिसूं लागण्याचा संभव असतो, आणि काढलेली उपदाढ कांहीं परत लावतां येत नाहीं. बाजूनें घेतलेलें क्ष-किरण चित्र समोर असतांना, दांत काढण्यापूर्वींच, ओठांविषयीं वैद्याला स्पष्ट विचारावें.