यंदा वाण कशाचं?

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता सर्रास प्लास्टिकचे डबे, चाळण्या लुटतात. वर्षभरात त्या तडकून उकिरड्यावर जातात. त्याऐवजी मी लोखंडी उलथणं किंवा छोटा तवा सुचवते. बिडाची कढई महाग पडते. ती चौघींनी मिळून एखाद्या खवय्या मैत्रिणीला द्यावी. लोखंडी कढईत टोमॅटो, कोकम घातलेली भाजी शिजवली की थोडं लोह अन्नात उतरतं. (भाजी मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची.) २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कढई हे त्यावरचं औषध नव्हे. बाई सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवते, हे कढईने बदलत नाही.

शिवाय लोखंड जड, गंजणारं. घासून, पुसून, तेलाचा हात लावून ते ठेवायचं कोणी? पर्यावरण जपायचं आणि मनगटं बाईचीच दुखायची, हे मला मान्य नाही. तवा घासायला घरातल्या पुरुषांना बसवा. आणि वाणाची यादी करताना विधवा, परित्यक्ता मैत्रिणींची नावं आधी लिहा.